बारावीला टक्के कमी पडले? गोव्यातून फार्मसीला प्रवेश कसा मिळतो आणि कागद काय काय लागतात

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात दुकानात एक ठरलेला प्रश्न येतोच. औषधांची चिठ्ठी पुढे सरकवता सरकवता कुणाची तरी आई नाहीतर काका हळूच विचारतात, "पोराला चोपन्न टक्केच पडलेत हो, फार्मसीला घेतील काय?" मी म्हापशाजवळ मेडिकल चालवतो, स्वतः डिप्लोमावाला, आणि बारावीला मीपण काही मोठे दिवे लावले नव्हते, त्यामुळे या प्रश्नाचं मला कधी हसू येत नाही. पण दरवेळी काउंटरवर उभ्याउभ्या तेच तेच सांगायचं म्हणजे मागे लाइन लागते, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. मार्कशीटच्या खाली छापलेली ती एकूण टक्केवारी आहे ना, तिच्यावरून फार्मसीचं काहीच ठरत नाही. बी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिग्रीला, बघतात ते फिजिक्स, केमिस्ट्री आणि तिसरा विषय बायोलॉजी किंवा मॅथ्स. हे तीन आणि इंग्लिश विषय घेऊन बारावी पास असावं लागतं, बस. देशभरातल्या फार्मसी शिक्षणाचे नियम करणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात हेच विषय आहेत. टक्क्यांची अट वरून प्रवेश देणारी यंत्रणा घालते. शेजारच्या महाराष्ट्रात ती या तीन विषयांत मिळून ४५ टक्के आहे, तिथल्या राखीव गटाला ४०. गोव्याची अट पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये पात्रतेच्या पानावर असते आणि तुमच्या वर्षाचंच प्रॉस्पेक्टस उघडायचं, मोठ्या भावाचं तीन वर्षांपूर्वीचं नाही, कारण हे नियम हलतात.

आता माझ्या भाचीची मार्कशीट सांगतो, तिची परवानगी घेऊनच. इंग्लिश ६६, मराठी ७१, फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४४, मॅथ्स ५७, बायो ५२. सहाशेत ३२८, म्हणजे ५४.६७ टक्के. घरी सगळे खूश, की वरचाच आकडा धरला तर पंचेचाळीस पाहिजेत आणि आपल्याला चोपन्न आहेत. मग एका क्लासवाल्याने फिजिक्स, केमिस्ट्री, बायोची बेरीज केली, १३४. तीनशेत १३४ म्हणजे ४४.६७, आणि ४४.६७ म्हणजे ४५ नव्हे, इथे कोणी राउंड करून देत नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा मी बायो काढून मॅथ्स घातलं, ३८, ४४, ५७, झाले १३९. म्हणजे ४६.३३! मार्कशीट तीच, पोरगी तीच. क्लासवाल्याच्या डोक्यात फार्मसी म्हणजे बायोलॉजी एवढंच बसलेलं. तर तुमच्याकडे दोन्ही विषय असतील तर दोन्ही बेरजा करून बघा, आणि एंट्रन्सचा ग्रुप निवडताना पण हे लक्षात ठेवा. मॅथ्सवाल्याला पुढे अडत नाही, कारण बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला बायो न केलेल्यांना रेमेडियल बायोलॉजी असते आणि मॅथ्स न केलेल्यांना रेमेडियल मॅथ्स. सोय आधीच करून ठेवलीय.

दुसरा घोळ म्हणजे पात्रता आणि मेरिट. लोक दोन्ही एकच समजतात. पात्रता म्हणजे दारातून आत सोडतात की नाही तेवढंच, आत गेल्यावर रांगेत कितवा नंबर ते मेरिट. मेरिट जिथे एंट्रन्सवर लागतं तिथे बारावीला ४६ वाला आणि ८६ वाला एकाच रांगेत उभे, तुमचे एंट्रन्सचे मार्क बोलतात. म्हणून बारावीला आपटलेल्या पोराने रडत बसण्यापेक्षा एंट्रन्सची केमिस्ट्री पक्की करावी, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पोरं निकालानंतर महिनाभर मोबाइल बघत बसतात. त्यात गोव्यात कॉलेजं मोजकी, पणजीत १८ जून रोडवरचं सरकारी गोवा कॉलेज ऑफ फार्मसी, फर्मागुडीला पीईएस संस्थेचं, त्यामुळे ॲडमिशनच्या पहिल्या राउंडला नाव आलं नाही तर घरी बसू नका. इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला जाणारी पोरं सीटा सोडतात तसे पुढचे राउंड सरकतात. राउंडला हजर राहिला नाहीत तर सीट जाते, ती कारणं ऐकून परत मिळत नाही.

तीन विषयांचे मार्क अटीच्या खालीच असतील, दोन्ही बेरजा करूनसुद्धा, तर? मग डी.फार्म. दोन वर्षांचा डिप्लोमा, कौन्सिलच्या नियमाप्रमाणे फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स घेऊन बारावी पास एवढंच लागतं. आपल्या गोवा बोर्डाला पास म्हणजे ३३, म्हणजे तुमच्यावर दार बंद नाहीच. पण इथे मेरिट बारावीच्या मार्कांवर लागलं तर कमी मार्कवाला मागे राहतो हेपण खरं. दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, ते तीन महिन्यांपेक्षा कमी दिवसांत उरकता येत नाही. आणि आता एक नवीन गोष्ट आलीय, डिप्लोमा एक्झिट एक्झाम. नियम २०२२ चे, पहिली परीक्षा झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये. तीन पेपर, प्रत्येकात वेगवेगळे ५० टक्के आणि तेही एकाच अटेम्प्टमध्ये. ही पास झाल्याशिवाय स्टेट फार्मसी कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन नाही, रजिस्ट्रेशन नाही तर दुकानाच्या भिंतीवर लावायला सर्टिफिकेट नाही. आमच्या वेळेला हे नव्हतं, आम्ही सुटलो.

डी.फार्मचा मला आवडणारा भाग हा की तिथून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला जाता येतं, लॅटरल एंट्रीने. कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर असे दोन जादा विषय गळ्यात पडतात पण ते काही डोंगर नाहीत. हिशोब करा, डिप्लोमाची दोन आणि बी.फार्मची तीन, पाच वर्षांत डिग्री, सरळ गेलेल्यापेक्षा एकच वर्ष जास्त. डिप्लोमा मात्र कौन्सिलने फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली मान्यता दिलेल्या कॉलेजचा पाहिजे. हे मी ठळक सांगतोय कारण दरवर्षी कोणतरी एजंट फिरतो, "लांबच्या राज्यात ॲडमिशन, जायला नको, परीक्षेपुरतं या, बाकी आम्ही बघतो." डी.फार्मला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळी ७५ टक्के हजेरी लागते, न जाता होणारा डिप्लोमा नसतोच. पैसे देण्याआधी कौन्सिलच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव आणि ते वर्ष, दोन्ही बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेर जायचं तर आपल्याला जवळ सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि बेळगाव. महाराष्ट्रात बी.फार्मला त्यांची सीईटी, डी.फार्मला बारावीचे मार्क. पण तिथे आपण परराज्यातले, म्हणून सीटा थोड्या आणि मॅनेजमेंट सीटची फी ऐकून घाम फुटतो. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, ते आधी चौकशी करा, मग बँकेत जा.

आता कागद. दहावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, हायर सेकंडरीचा लीव्हिंग, जन्मदाखला, आधार, फोटो, एंट्रन्सचं स्कोअरकार्ड, हे तर कोणीही सांगेल. वेळ खातो तो रेसिडेन्स सर्टिफिकेट. मामलेदार कचेरीतून मिळतो, अर्ज गोवा ऑनलाइनवर होतो, पण निकालानंतर सगळा तालुका एकदम अर्ज करतो, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या टाकून द्या. जातीचा दाखला असेल तर तो, आणि ओबीसी असाल तर सोबत क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा, जो जुना चालत नाही. गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, तर घरात वडिलांचा त्याआधीचा कागद असेल तर त्याच्यावर विसंबू नका, नवीन काढा. एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट.

आणि नावं! गोव्यात हा एक स्वतंत्र विषय आहे. जन्मदाखल्यावर आडनावाचं जुनं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, मार्कशीटवर शाळेने घातलेलं साधं, आधारवर तिसरंच आणि वडिलांच्या नावाला कुठे 'भाई' चिकटलेला, कुठे नाही. भाचीच्या वेळी आडनावात एका अक्षराचा फरक निघाला आणि आम्ही व्हेरिफिकेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नोटरी शोधत फिरलो, एकाचं ऑफिस बंद, दुसरा लग्नाला गेलेला, शेवटी तिसऱ्याने घरी बोलावून जेवणाच्या टेबलावर शिक्का मारला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं ॲफिडेव्हिट छोट्या फरकाला बहुतेक भागतं, पण नावच वेगळं असेल तर १९९० चा नाव-आडनाव बदलाचा कायदा लागतो आणि ते काम आठवड्यात होत नाही. म्हणून आज रात्री सगळे दाखले जमिनीवर पसरून एकेक अक्षर जुळवून बघा, चष्मा लावून.

शेवटचं, ओरिजिनल. ॲडमिशन पक्की झाली की कॉलेज लीव्हिंग ओरिजिनलच ठेवून घेतं, मग दुसरीकडे नंबर लागला की तो सोडवायला अर्ज, कॅन्सलेशनची फी आणि फेऱ्या. देण्याआधी प्रत्येक कागदाच्या निदान चार साक्षांकित झेरॉक्स करून ठेवा आणि मोबाइलमध्ये स्कॅन, आणि जमा केल्याची पोच मागून घ्या, काउंटरवरच्या बाईंनी कितीही "गरज नाही रे" म्हटलं तरी.