कापणीआधीचा फवारा

तुर्भ्याच्या दाणा बाजारात मसुरीचा भाव विचारला की गाळ्यावरचा माणूस उलट विचारतो, "देशी की कॅनडा?" मग पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून मूठभर दाणे तळहातावर ओततो. कॅनडाचा माल ओळखायला पारखी डोळा लागत नाही. दाणा एकसारखा वाळलेला असतो, मध्ये हिरवट, कच्चा काही नाही, काडीकचरा जवळजवळ नाही. "बघा, निवडायला नको," हे त्याचं विक्रीचं वाक्य. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र याच मसुरीबद्दल दर काही महिन्यांनी "विषारी डाळ" असा संदेश फिरतो. दाण्याचा तो एकसारखेपणा आणि हा संदेश यांचं मूळ बऱ्याच अंशी एकाच फवाऱ्यात आहे: ग्लायफोसेट या तणनाशकाच्या.

ग्लायफोसेट हे रसायन पहिल्यांदा तयार झालं १९५० मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिलाग या औषध कंपनीत, हेन्री मार्टिन या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. औषध म्हणून त्याचा उपयोग सापडला नाही आणि ते बाजूला पडलं. १९७० मध्ये मोन्सॅन्टोच्या जॉन फ्रान्झ यांना ते वनस्पती मारतं असं आढळलं आणि १९७४ मध्ये 'राउंडअप' बाजारात आलं. काही अत्यावश्यक अमिनो आम्लं बनवण्याचा वनस्पतींचा एक रासायनिक मार्ग आहे, त्याला शिकिमेट मार्ग म्हणतात. ग्लायफोसेट त्यातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. पानावर पडलेलं औषध मुळांपर्यंत उतरतं आणि आठ-दहा दिवसांत झाड पिवळं पडून वाळतं. माणसाच्या पेशींत हा मार्ग नाही, म्हणून ते माणसाला निर्धोक, असा युक्तिवाद सुरुवातीपासून होत आला. पण पुष्कळशा जिवाणूंत, आपल्या आतड्यातल्याही, तो मार्ग आहे. त्यामुळे तो युक्तिवाद वाटतो तितका पक्का नाही.

हे औषध हिरवं दिसेल ते मारतं. त्यामुळे सुरुवातीला ते पिकापासून लांबच होतं: बांध, रेल्वेमार्गाच्या कडा, चहाच्या झुडपांमधली जमीन, पेरणीपूर्वीचं रान. १९९६ मध्ये अमेरिकेत या औषधाला न मरणारं जनुकबदल सोयाबीन आलं आणि फवारा उभ्या पिकावर गेला. आपल्याकडच्या चर्चेत हीच पायरी सगळ्यात जास्त गाजते. डाळीच्या दृष्टीने मात्र तिसरी पायरी महत्त्वाची, आणि तिचा जनुकबदलाशी संबंध नाही. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात उन्हाळा तोकडा. शेताचा एक कोपरा पिकलेला, दुसरा हिरवा, आणि डोक्यावर थंडी. मग कापणीच्या एक-दोन आठवडे आधी ग्लायफोसेट मारायचं. तिथले शेतीतज्ज्ञ सांगतील की हे उरलेलं तण मारण्यासाठी असतं, पीक वाळवणं हा त्याचा जोडपरिणाम आहे. असेल. पण शेत एकसारखं वाळतं आणि यंत्र एका फेरीत कापणी उरकतं. दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांखाली गेल्यावरच फवारावं असा तिथे नियम आहे, कारण दाणा भरत असताना औषध पडलं तर ते झाडातून दाण्यात उतरतं. ब्रिटनमध्ये गहू-जवावर ही पद्धत १९८० च्या सुमारास सुरू झाली. ओट, मसूर, वाटाणा नंतर त्याच रांगेत आले.

फवाऱ्याची वेळ पेरणीआधीवरून कापणीआधीवर सरकली, ही मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट वाटते. पेरणीआधी मारलेल्या औषधाला जमिनीत विरायला महिने मिळतात. कापणीआधी मारलेल्याला दहा-पंधरा दिवस, आणि मग ते पोत्यात.

आपला कायदा मात्र पहिल्या पायरीवरच बसून राहिला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेला गव्हाचा आटा खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. खाण्याचा माल आणि विष जहाजात एकत्र ठेवलं होतं. त्या घटनेतून जी चौकशी झाली तिची परिणती १९६८ च्या कीटकनाशके कायद्यात झाली. तणनाशकंही याच कायद्याखाली येतात. कायद्याच्या लेखी ती कीटकनाशकं, शेतकऱ्याच्या तोंडी 'औषध'. पुढे २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांच्या अवशेषांवरून दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या स्वयंसेवी संस्थेने धुरळा उडवला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्या साऱ्या वादात डीडीटी, लिंडेन, क्लोरपायरिफॉस ही किडे मारणारी औषधं होती. तणनाशकाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

लक्ष नसण्याला कारणही होतं. तण काढायला आपल्याकडे माणसं होती. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या बेणणीला घरच्या बायका आणि दोन घरं शेजारची असत. आता तीच माणसं भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात आणि बांधावर पाठीवरचा पंप दिसतो. मागच्या पावसाळ्यात मुरबाडजवळ एका ओळखीच्या शेतावर गेलो होतो. हिरव्यागार खाचरांच्या मधोमध बांध तेवढा करपून तपकिरी पडलेला. माप विचारलं तर बाटलीचं झाकण दाखवलं. हातमोजे नव्हते, आणि पंप धुतला तो ओढ्यातच. ताटातल्या अवशेषापेक्षा मला त्या हातांची काळजी जास्त वाटली, हे इथेच सांगून टाकतो.

भारतात ग्लायफोसेटला अधिकृत परवानगी चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागा एवढ्यापुरतीच. प्रत्यक्षात ते सर्वदूर पोचलं. अकोल्याच्या अकोली जहांगीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने सरकारी परवानगी नसलेल्या, या तणनाशकाने न मरणाऱ्या कपाशीची उघडपणे लागवड केली, तेव्हा निंदणीची मजुरी परवडत नाही हेच त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पंजाबने विक्री थांबवली होती. त्यांचा मुद्दा साधा होता: आमच्याकडे चहा पिकतच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळने बंदी घातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की हे औषध फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनीच मारायचं. मुरबाडच्या त्या झाकणवाल्या भावाला या आदेशाची खबर नव्हती.

डाळीचं खातं याहून वेगळं. २०१६-१७ मध्ये भारताने सुमारे ६६ लाख टन डाळी-कडधान्यं आयात केली. मसूर आणि पिवळा वाटाणा यांत कॅनडाचा वाटा मोठा. हाच वाटाणा सफेद वाटाणा म्हणून आपल्या रगड्यात आणि उसळीत जातो. त्यात ग्लायफोसेट किती चालेल याची भारताची स्वतःची मर्यादाच नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळी तपासायला सांगितल्या आणि तोवर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची मर्यादा धरा म्हटलं: मसूर आणि वाटाण्याला किलोमागे ५ मिलिग्रॅम. जिथे मर्यादा ठरलेलीच नाही तिथे आपल्याकडे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा सरसकट निकष लागतो. म्हणजे एका आदेशात पाचशे पट फरक. लोक चिडले ते याच्यावर, आणि चिडणं समजण्यासारखं आहे.

कॅनडाच्या अन्नतपासणी यंत्रणेने २०१५-१६ मध्ये खाद्यपदार्थांचे ३,१८८ नमुने ग्लायफोसेटसाठी तपासले. २९.७ टक्क्यांत अवशेष सापडले, मर्यादेबाहेर १.३ टक्के. अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या स्वयंसेवी संस्थेने ओटच्या ४५ नमुन्यांची तपासणी जाहीर केली, तेव्हा ३१ नमुने त्यांच्या स्वतःच्या, सरकारीपेक्षा फार कडक मर्यादेच्या वर गेले. 'ओट्समध्ये विष' ही बातमी ठाण्याच्या मॉलपर्यंत आली ती तिथून. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने राउंडअप फवारणाऱ्या ड्वेन जॉन्सन या कर्करोगग्रस्त माळ्याला मोन्सॅन्टोने २८.९ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला होता. रक्कम पुढे अपिलात बरीच घटली.

कर्करोगाच्या वादाचं मूळ मार्च २०१५ मधलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेटला '२ अ' म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. लाल मांस आणि ६५ अंशांहून गरम पेयंही याच गटात आहेत, हे कटिंग ओठाला लावताना आठवतं. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कर्करोगाचा धोका संभवत नाही असं म्हटलं, आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त बैठकीने आहारातून धोका संभवत नाही असं सांगितलं. विसंगती वाटते, पण प्रश्न एकच नव्हते. कर्करोग संस्था विचारते की या वस्तूमुळे कर्करोग होऊ शकतो का. संयुक्त बैठक विचारते की ताटात येते तेवढ्याने होईल का. फवारणाऱ्यासाठी पहिला प्रश्न जास्त लागू, खाणाऱ्यासाठी दुसरा.

दुसऱ्याचा हिशेब घरच्या घरी होतो. युरोपची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. मसूर अगदी कोडेक्सच्या टोकाला टेकलेली असली तरी ५० ग्रॅम डाळीतून पाव मिलिग्रॅम जातं. एक टक्काही नाही. मी या आकड्यावर डाळ खातो. मात्र तो आकडा एका रसायनाचा आहे, एका पदार्थातला आहे, आणि मर्यादा ठरवताना बहुतांश कंपन्यांनीच पुरवलेल्या चाचण्या वापरल्या जातात, हा आक्षेप उरतो. ग्लायफोसेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे डाळ धुऊन वरचं थोडं जातं. दाण्याच्या आत उतरलेलं नाही. शिजवल्याने ते मोडतही नाही.

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सेंद्रिय दुकानात मी "रेसिड्यू-फ्री" मसूर घेताना अहवाल मागितला. दुकानदाराने आनंदाने दाखवला: चार पानं, दोनशेच्या वर नावं, प्रत्येकापुढे 'मोजता येण्याजोगं नाही'. मी ग्लायफोसेट शोधलं. यादीतच नव्हतं. एका झटक्यात शेकडो रसायनं शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते पकडलं जात नाही, रेणू पाण्याच्या ओढीचा असल्याने त्याला वेगळी चाचणी लागते आणि वेगळे पैसे. दुकानदाराला हे सांगितलं तेव्हा त्याने अहवाल पुन्हा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे हे नाव तपासा असं सांगावं लागतं?" हो, सांगावं लागतं.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने पिवळ्या वाटाण्यावरचं आयातशुल्क काढलं आणि कॅनडा-रशियाची पोती पुन्हा भरभरून येऊ लागली. परवा तुर्भ्यात त्याच गाळ्यावर वाटाणा कापणीआधी कधी फवारला असेल असं मी विचारलं. त्याने पोत्यावरची छापील पट्टी वळवून दाखवली. देश होता, वजन होतं, हंगामाचं वर्ष होतं.