कण्हेरगडाच्या पायऱ्या

पाटणादेवीचं दर्शन घ्यायचं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख पाहायचा आणि कण्हेरगडाची वाट धरायची. चढ काही एकसारखा लागत नाही. आधी दम काढणारी उभी चढण, मग थोडी सपाटी, की पुन्हा समोर कडा. (नाशिक जिल्ह्यात कळवणकडे याच नावाचा दुसरा गड आहे. हा आपल्या चाळीसगावचा, गौताळा औट्रमघाट अभयारण्यातला.) आसपासच्या डोंगरांकडे नजर टाकली तर तिथेही तेच, कड्याखाली पदर आणि पदराखाली कडा.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो, पण इथला बराचसा लाव्हा जमिनीतल्या लांबलचक भेगांतून वर आला आणि पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर थिजला की काही काळाने त्यावर दुसरा. भेगांमध्येच अडकून थिजलेला लाव्हा पाहायचा असेल तर धुळे-नंदुरबारकडे जावं. माळरानावर सरळ रेषेत लांबवर गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात, त्या म्हणजे 'डाइक'. बाजूचा खडक झिजला, या भिंती उरल्या.

आता एकाच थराकडे बघू. पेज उकळताना फेस वर येतो, तसे लाव्ह्यातले वायू वर येतात आणि वरचा भाग थिजला की तिथेच अडकतात. म्हणून थराचा माथा भोकाभोकांचा आणि पोट घट्ट. पुढे त्या भोकांत पाणी झिरपून झिओलाइटसारखी खनिजं साचतात. काळ्या दगडातले पांढरे ठिपके बहुधा तेच. ऊन-पावसात भोकाळ भाग लवकर कुजतो, त्याचा मुरमाड उतार होतो. घट्ट भाग दाद देत नाही, तो कडा होऊन उभा राहतो. दोन थरांच्या मध्ये पुरेसा काळ गेला असेल तर तांबड्या मातीचा पट्टाही सापडतो. खालचा थर कुजून तयार झालेली ती माती वरच्या लाव्ह्याने भाजून काढलेली असते.

गडाच्या अंगावर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी अशी लेणी आहेत. कोरणाऱ्यांना दगडाची जात ओळखावीच लागे, पण अंदाज चुकायचाही. याच अभयारण्यातल्या पितळखोऱ्याला खडक ठिसूळ निघाला आणि कितीतरी लेण्यांच्या दर्शनी भिंती ढासळल्या.

चढताना धास्ती वाटते ती कड्याची. उतरताना पाय सटकतो तो मात्र मुरमाड पदरावर.