दूरच्या पीसीला दोन मॉनिटर कधी कळले?

मार्च २०२० मध्ये जळगाव, भुसावळ, धुळे, शहाद्याकडची कितीतरी मुलंमुली पुण्या-मुंबईहून घरी आली. ऑफिसचा पीसी मात्र तिकडेच राहिला. काहींनी पुढेही घरूनच काम सुरू ठेवलं. लॅपटॉपला शेजारी एक मॉनिटर जोडायचा आणि दोन्हींवर पुण्याचा पीसी उघडायचा, ही सोय आता एका टिकवर मिळते. तिथवर पोचायला मायक्रोसॉफ्टला अकरा वर्षं लागली होती.

१९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली आणि तिच्यासोबत आरडीपी, म्हणजे दूरचा विंडोज पीसी आपल्या पडद्यावर उघडून वापरण्याची मायक्रोसॉफ्टची रीत. आपल्याकडे नंदुरबार वेगळा जिल्हा झाला ते हेच साल. एका पीसीला अनेक मॉनिटर जोडण्याची सोय विंडोज ९८ ने त्याच वर्षी दिली. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश २ वर ती १९८७ पासून होती. पण या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. दुरून जोडलेल्या माणसासमोर एकच पडदा आहे, असंच आरडीपी धरून चाले.

पुढे विंडोज व्हिस्टासोबतच्या आरडीपी ६.० ने ‘स्पॅन’ आणलं. त्यात पलीकडच्या पीसीला दोन मॉनिटर दिसतच नसत. एकच लांबलचक पडदा दिसे. एक्सेल मोठं केलं की ते दोन्हींवर पसरे, आणि ‘सेव्ह करू का?’ विचारणारी चौकट बरोबर मधल्या फटीवर उघडे. शिवाय मॉनिटर सारख्या रिझोल्यूशनचे आणि एका ओळीत हवेत, एकूण मर्यादा ४०९६ बाय २०४८ पिक्सेल. १३६६ रुंदीचे तीन पडदे शेजारी ठेवले तर बेरीज ४०९८. दोन पिक्सेलसाठी अडायचं! लॅपटॉप १३६६ चा आणि बाहेरचा मॉनिटर १९२० चा, ही आपल्या घरांतली नेहमीची जोडी तर त्यात बसतच नव्हती.

खरा बदल २००९ चा, विंडोज ७ आणि आरडीपी ७.० चा. जोडणी होतानाच तुमचा लॅपटॉप पलीकडे कळवू लागला की इथे इतके मॉनिटर आहेत, प्रत्येकाची लांबीरुंदी ही, जागा ही, मुख्य अमुक. सोळा मॉनिटरांपर्यंत. माझ्या मते या साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण पिक्सेल वाढवण्यापेक्षा मांडणी समजणं जास्त कामाचं होतं. एका पडद्यावर टॅली आणि दुसऱ्यावर बँकेचं स्टेटमेंट ठेवून ताळमेळ लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मात्र ज्या पीसीशी जोडायचं त्यावर विंडोज ७ ची एंटरप्राइझ किंवा अल्टिमेट आवृत्ती लागे. साध्या प्रोफेशनलवर एकच पडदा मिळे. छोट्या ऑफिसांसाठी ही अट जाचक होती.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण गोंधळ नेहमी तिथेच होतो. आरडीपी पलीकडे तुमच्या मांडणीप्रमाणे नवे, आभासी पडदे उभे करतं. ऑफिसच्या पीसीला एकही मॉनिटर जोडलेला नसला तरी चालतं. व्हीएनसी, टीमव्ह्यूअर, एनीडेस्क या दूरचा पीसी उघडणाऱ्या इतर साधनांची मूळ रीत उलटी: तिकडच्या पडद्यावर जे आहे तेच इकडे दाखवायचं. म्हणून तिकडे एक मॉनिटर असेल तर एरवी तुमच्या दोन मॉनिटरांनाही एकच चित्र मिळतं.

राहिला वेगाचा प्रश्न. १९२० बाय १०८० चे दोन पडदे म्हणजे ४१ लाखांहून अधिक पिक्सेल. ते सगळे दर वेळी पाठवले जात नाहीत, बदललेला भागच जातो. तरी यावल-रावेरकडच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना भार जाणवतो. २०१२ च्या आरडीपी ८.० ने यूडीपीची, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या पोचपावतीसाठी न थांबता माहिती पाठवण्याची वाट उघडली, त्यामुळे डळमळत्या जोडणीवरही पडदा कमी अडखळू लागला. तरी नेट फारच रडत असेल, तर ‘सगळे मॉनिटर वापरा’ची टिक तेवढ्यापुरती काढून एकाच पडद्यावर काम उरकावं, आणि लाइन सुधारली की पुन्हा दोन्ही घ्यावेत.