सौर पंप वेगळा, सौर वाहिनी वेगळी, आता तरी नीट समजून घ्या

परवा परत तेच. मामांचा फोन, "अरे सबस्टेशनच्या पलीकडं माळावर सोलर बसलंय, मग आपल्या विहिरीवर पॅनेल कधी येणार?" मी म्हटलं मामा ते सोलर वेगळं आणि विहिरीवरचं वेगळं, तर म्हणे "सोलर ते सोलर, त्यात काय वेगळं असतंय". मामांचं सोडा, चांगली शिकलेली पोरं ग्रुपवर एका योजनेची बातमी टाकतात, खाली फोटो दुसऱ्याच योजनेचा, आणि त्याखाली दहा जण विचारतात फॉर्म कुठं भरायचा. वैताग आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो, इथून पुढं लिंक पाठवून मोकळा.

मुळात गडबड नावात आहे. एक "मागेल त्याला सौर कृषी पंप", दुसरी "मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी". "सौर कृषी" एवढं कानावर पडलं की पुढचं कोण ऐकतंय. त्यात वाहिनी हा शब्द गावात कोणी वापरत नाही, वाहिनी म्हटलं की टीव्हीचं चॅनेल आठवतं. आपण म्हणतो फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाईन. कागद काढणाऱ्यांनी सरळ "सोलर फीडर" नाव ठेवलं असतं तर निम्मा घोळ तिथंच मिटला असता.

पंपाचं जास्त सांगत बसत नाही, तो सगळ्यांनी पाहिलाय. शेतात पॅनेल, खाली कंट्रोलर, विहिरीत किंवा बोअरमध्ये मोटर. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. आपण 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी 5, बाकीचं सरकार. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा. आणि ही योजना आहे ज्यांच्याकडं पाणी आहे पण वीज कनेक्शन नाही त्यांच्यासाठी, म्हणजे कोटेशन भरून वर्षानुवर्षं पेड पेंडिंगमध्ये अडकलेले लोक वगैरे. ज्यांची मोटर आधीच लाईटवर चालू आहे त्यांनी "मला का नाही" म्हणून भांडायचं कारण नाही. (मामा, वाचताय ना.)

वाहिनीत तुमच्या शेतात काहीच येत नाही. परत वाचा, काहीच येत नाही. सबस्टेशनच्या आसपास गायरानावर नाहीतर भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर दोन, तीन, पाच मेगावॅटचा प्लांट बसतो, मेगावॅटला साधारण चार एकर धरा, त्याची वीज सबस्टेशनला जोडतात आणि तिथून शेतीच्या फीडरवर सोडतात. तुमची मोटर तीच, स्टार्टर तोच, डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मरही तोच, वायरमनही तोच. बदलतं काय तर मोटरीला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीऐवजी दिवसा येते. 2017 ला हे सुरू झालं, राळेगणसिद्धीचा प्लांट सुरुवातीच्यांपैकी, मग 2023 ला 2.0 आलं आणि त्यातला पहिला प्लांट 2024 मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला चालू झाला, 3 मेगावॅटचा. दिवसा लाईट म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे जानेवारीत रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेल्यालाच कळतं. जुन्नर-आंबेगावकडं तर उसात बिबट्या, तिकडं हा चैनीचा विषयच नाही.

आता खरी मेख. दोन्हीकडं पॅनेल तेच आणि ऊनही तेच, फरक आहे तो वीज तयार झाल्यावर जाते कुठं याचा. पंपाची वीज तुमच्या बांधाबाहेर जात नाही, बाहेरून आतही येत नाही, सगळा कारभार कंट्रोलर ते मोटर. वाहिनीची वीज राज्यभराच्या तारेत, म्हणजे ग्रिडमध्ये मिसळते, तुमच्या मोटरीत आलेली वीज माळावरच्या पॅनेलची का चंद्रपूरच्या कोळशाची हे मोटरीला कळत नाही आणि तिला फरकही पडत नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं. नसेल बसत तर दोनच प्रश्न विचारा, ढग आले तर काय होईल आणि डीपी जळली तर काय होईल.

ढग आले. सौर पंपवाल्याची मोटर एकदम बंद पडत नाही, हळू होते, करंगळीएवढं पाणी पडायला लागतं. पाटानं पाणी देणाऱ्याचं त्यातही भागतं, उशीर होतो एवढंच, पण ड्रिपवाल्याचे हाल होतात कारण प्रेशर धरत नाही. आमच्या शेजारच्या डाळिंबाच्या बागेत सकाळी साडेआठला मी स्वतः पाहिलंय, पुढच्या झाडांना थेंब थेंब चालू आणि शेवटच्या लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) कोरड्या ठाक, दहा वाजता ऊन चढलं तेव्हा कुठं शेवटच्या झाडापर्यंत पाणी गेलं. आणि तो माणूस म्हणत होता मोटर खराब दिलीय. मोटर चांगली होती हो, ऊनच कमी होतं. हेच वाहिनीवर असतं तर काय झालं असतं? काही नाही. प्लांटची वीज कमी पडली की उरलेली ग्रिडमधून येते, मोटर फुल्ल स्पीडनं चालते, ढग आल्याचं तुमच्या पिकाला कळतही नाही.

आता डीपी जळली. सौर पंपवाल्याला देणंघेणं नाही, त्याची मोटर चालू. वाहिनीवाला मात्र बसला बोंबलत, समोर माळावर पाच मेगावॅटचे पॅनेल उन्हात चमकतायत आणि ह्याच्या विहिरीवर अंधार. लोकांना हे पटतच नाही, म्हणतात "एवढं सोलर आहे मग लाईट कशी गेली". अहो तार तुटली, डीपी उडाली, आकडे टाकून लोड वाढवला तर सोलर काय करणार. उलट मेन लाईनच गेली तर तो प्लांटसुद्धा आपोआप बंद होतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, तारेवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून.

म्हणजे एकाचा अडचणीचा दिवस तो दुसऱ्याचा मजेचा. ही एकच योजना असती तर असं झालं असतं का?

"उरलेली वीज विकू" हा गैरसमज पण इथूनच निघतो. पावसाळ्यात पंपाला काम नसतं, पॅनेल नुसतं ऊन खात बसतं, ती वीज कुठंच जात नाही कारण तारच नाही. केंद्राच्या कुसुम योजनेत कागदावर एक प्रकार आहे, पंप ग्रिडला जोडून जास्तीची वीज द्यायची असा, पण मागेल त्याला पंपात ते नाही. वाहिनीत पैसे मिळतात ते जमीन भाड्यानं दिली तर, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, तेही सबस्टेशन जवळ असेल तरच. त्यासाठी कोणी आधी "रजिस्ट्रेशन फी" मागत असेल तर फोन ठेवून द्या.

आणि बिल शून्य आलं ते सोलरमुळं नाही!! साडेसात एचपीपर्यंतचं शेतीचं बिल 2024 पासून सरकार भरतंय, ती बळीराजा मोफत वीज योजना, तिसरंच प्रकरण, मुदत मार्च 2029. वाहिनीचा संबंध एवढाच की ती वीज सरकारला युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून फुकट देणं जरा तरी परवडतं, नाहीतर तो बोजा कारखान्यांच्या नाहीतर आपल्या घरच्या बिलात येतोच.

माझं मत विचाराल तर जिथं तार पोचलीय तिथं वाहिनीच बरी. पॅनेल पुसायचं झंझट नाही, चोरीची भीती नाही, आणि तुम्हाला नको असेल तेव्हा ती वीज दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येते. डोंगराकडेला, नदीपल्याड, जिथं पाच पोलचा खर्च कोणी करणार नाही तिथं पंपाला तोड नाही. फक्त अर्जात विहिरीची खोली खरी लिहा, उन्हाळ्यातली. आमच्यातल्या एकानं पावसाळ्यातली लिहिली, एप्रिलमध्ये पंप नुसता गरगरतोय.

तर मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. मग विचारलं, मामा तुमच्याकडं थ्री फेज कधी येते हल्ली? म्हणे "दिवाळीपासून दिवसाच येतीय की, सकाळी नऊला". म्हटलं मग तेच ते. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "आणि दुपारी व्होल्टेज पडतंय ते?" डीपी एक आणि मोटरी बावीस, सगळ्यांनी ऑटो स्टार्टरवर टाकून नऊलाच चालू झाल्या तर पडणारच. डीपी वाढवून मागायचा अर्ज लिहून पाठवलाय, आता बावीस जणांच्या सह्या गोळा करणं मामांकडं.