पात्याची मागची बाजू

नव्या फ्लॅटचं फर्निचर सुरू असलं की हॉलच्या मधोमध एक टेबल हमखास दिसतं. प्लायच्या उरलेल्या तुकड्यांतून ठोकलेलं, खालून मार्बल कटर उलटा बसवलेला आणि वर पात्याचा अर्धा चंद्र बाहेर आलेला. कटरचं बटण टेपने दाबून टाकलेलं असतं आणि चालू-बंद सगळं भिंतीवरच्या स्विचवरून चालतं. या यंत्राची भीती काय, असं विचारलं तर कुणीही बोटाकडे बघेल. ते चूक नाही. पण बोट जाण्याच्या अनेक घटनांची सुरुवात वेगळीच असते: चिरायला सरकवलेली फळी अचानक उचलली जाते आणि चिरणाऱ्याच्याच अंगावर येते. हा किकबॅक. साइटवर ‘माल मागे मारला’ म्हणतात.

फळी मागे का येते, हे पात्याच्या फिरण्यातच दडलेलं आहे. टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून पातं वर आलेल्या अशा करवतीचं, पातं आपल्या दिशेने फिरतं. आपल्याकडच्या बाजूचे दात वरून खाली येतात, लाकूड कापतात आणि त्याला टेबलावर दाबूनही ठेवतात. तेच दात टेबलाखालून फिरून मागच्या बाजूने वर येतात. कापायचं काम तोवर झालेलं असतं. मागच्या दातांना फटीतून मोकळं वर जायचं एवढंच उरतं. त्यांना लाकूड लागलं, तर ते त्याला उचलतात. उचललेली फळी पात्याच्या माथ्यावर चढते आणि माथ्यावरच्या दातांची दिशा थेट आपल्याकडे असते.

वेगाचा हिशेब करून पाहू. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. मार्बल कटरचं पातं जेमतेम ११० मिलिमीटरचं, म्हणून ते गरीब वाटतं. पण ते मोकळं फिरताना १२ हजारांच्या पुढे फेरे घेतं आणि दाताचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो. उडालेल्या तुकड्याला हा सगळा वेग मिळतोच असं नाही. तरीही पाव किलोचा तुकडा ताशी १४४ किलोमीटरने आला, तर त्यात २०० ज्यूल ऊर्जा असते. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूत त्याच वेगाला १३० ज्यूलच्या आसपास असते, आणि समोर पॅड बांधलेला फलंदाज असतो. इथे समोर बनियन घातलेला माणूस आहे.

पण फळी जाते हा अर्धाच धोका. आपला हात तिला जोर लावून पुढे ढकलत असतो. फळी निसटली की तो जोर अडवायला काही उरत नाही आणि हात पात्याकडे जातो. फळी गोल फिरत उडाली तर बोटांनाही सोबत ओढते. माणसाला दचकून हात मागे घ्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात १० इंची पातं १३ फेरे पूर्ण करतं. त्यामुळे ‘मी लक्ष ठेवून असतो’ या वाक्याला यंत्रापुढे फारशी किंमत नाही.

मग लाकूड मागच्या दातांना लागतं कशामुळे? पहिलं कारण लाकडाच्या पोटात असतं. झाड वाढताना खोडात ताण साठत जातात. कललेल्या खोडात आणि फांद्यांत ते जास्त असतात, आणि निलगिरी तर यासाठी बदनामच आहे. घाईने वाळवलेल्या लाकडातही आतले-बाहेरचे थर एकमेकांना ओढत असतात. फळी चिरली की हे ताण मोकळे होतात. कधी चिरलेले दोन भाग फाकतात, कधी आवळतात. आवळले की पातं चिमटीत सापडतं.

यावरचा उपाय विजेच्या आधीपासूनचा आहे. हाताने लाकूड चिरतानाही करवत अडकू लागली की सुतार फटीत पाचर ठोकतो. यंत्रात तीच पाचर पात्याच्या मागे कायमची उभी असते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा थोडी जास्त आणि दातांनी पाडलेल्या फटीपेक्षा थोडी कमी असावी लागते. टीसीटी, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे दात बसवलेल्या, पात्याची फट ३.२ मिलिमीटर आणि पत्रा २.२ असेल, तर पाचर या दोहोंच्या मधली. ती दातांपासून अगदी थोड्या अंतरावर असते आणि पात्याबरोबरच खाली-वर होते. टेबल सॉच्या सुरक्षेसाठी एकच वस्तू निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन.

प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आवळत नाहीत, म्हणून तिथे पाचर कशाला, असं वाटू शकतं. तिथे दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो. फळी ज्या पट्टीला टेकवून सरकवतो ती पात्याला समांतर हवी. तिचं मागचं टोक केसभर जरी पात्याकडे झुकलं, तरी पुढे जाणारी फळी मागच्या दातांवर दाबली जाते. पट्टी न लावता नुसत्या हाताने रेघेवर कापणं त्याहून वाईट, कारण फळी जरा तिरकी झाली की मागचा दात तिला लागलाच. तिसरी चूक आखूड तुकडे आडवे कापताना होते. लांबी ठरवायला तुकड्याचं टोक पट्टीला टेकवतात आणि कापलेला तुकडा पट्टी व पातं यांच्यामध्ये अडकून तिरका होतो. पट्टीला पात्याच्या बराच अलीकडे एक ठोकळा लावावा आणि माप त्यावर घ्यावं, म्हणजे कापताना तुकड्याच्या बाजूला मोकळी जागा राहते.

आता हॉलमधल्या त्या टेबलाकडे बघा. मार्बल कटर हे दगड-फरशी घासत कापण्याचं, हातात धरायचं यंत्र. ते उलटं करून दातेरी पातं लावलं, की पाचर नाही, वरचं झाकण नाही आणि हाताशी बंद करायचं बटणही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत गोल करवतीमागे पाचर असावी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. फ्लॅटचा हॉल मात्र कारखाना नव्हता.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये वेगळी वाट काढली. पात्यावर क्षीण विद्युत संकेत सोडायचा. कातडी लागली की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून त्याला सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबवतो. सॉसेज लावून दाखवलेलं त्याचं प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. पण हा ब्रेक कातडी ओळखतो, मागच्या दातांवर चढू लागलेली फळी नाही. म्हणून या यंत्रातही पाचर असतेच.

बाकीचं बरंचसं उभं राहण्यावर आहे. पात्याच्या सरळ रेषेत उभं न राहता एका बाजूला राहावं. अरुंद तुकडा चिरताना शेवटचा भाग हाताने न ढकलता खाच पाडलेल्या काठीने ढकलावा. आणि जोर पट्टी व पातं यांच्यामधल्या भागावर द्यावा, कारण तोच भाग अडकतो. तो पात्याच्या पार पलीकडे जाईपर्यंत ढकलत राहावं, मध्ये थांबू नये. हातमोजे नकोत, दात कापड पकडतात. आणि पात्याशेजारी पडलेला छोटा तुकडा उचलायचा असेल, तर स्विच बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरत असतं. ते पूर्ण थांबेपर्यंत तो तुकडा तिथेच राहू द्यावा.