रेस रेकॉर्ड्स

अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी १९२० ते १९४०च्या दशकांत कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळ्या क्रमांकमालिकांत काढलेल्या तबकड्या. ब्लूज (कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची लोकगीते), जॅझ, धार्मिक गाणी, चर्चमधली प्रवचने हे सगळे या मालिकांत असे. ‘रेस’ म्हणजे वंश. त्या काळी कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आपल्या समाजासाठी हा शब्द अभिमानाने वापरीत. कंपन्यांनी मात्र त्याच शब्दाने बाजाराची वर्णावरून फाळणी केली.

न्यूयॉर्कमध्ये १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायले. कृष्णवर्णीय गायिकेची तबकडी खपेल, हे कंपन्यांच्या गळी उतरवायला गीतकार पेरी ब्रॅडफर्ड यांना बरेच उंबरे झिजवावे लागले होते. ती तुफान खपली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. हॅरी पेस यांनी १९२१ साली ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीय मालकीची कंपनी काढली, पण १९२४मध्ये ती पॅरामाउंटकडे गेली. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटे बनवी, म्हणून जोडीला तबकड्या. त्यांचा दर्जा सुमार होता, खरखर भरपूर. तरीही ब्लूजचा मोठा ठेवा याच शिक्क्याखाली आहे.

पहिली लाट गायिकांची. मा रेनी १९२३ साली पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यामागे तंबूंतल्या खेळांची सुमारे वीस वर्षे होती. त्याच वर्षी बेसी स्मिथ यांची कोलंबियासाठी पहिली तबकडी निघाली. लुई आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेट या तुतारीसारख्या वाद्याबरोबर त्यांनी १९२५मध्ये गायलेले ‘सेंट लुई ब्लूज’ ऐकावे: आवाज एक ओळ टाकतो, कॉर्नेट तिला हुंकार देते. पुढे १९२६पासून टेक्सासचे ब्लाइंड लेमन जेफर्सन यांच्यामुळे एकटा माणूस आणि त्याची गिटार यांना मागणी आली. कंपन्या यंत्रे घेऊन अटलांटा, डॅलस, मेम्फिसला जाऊ लागल्या.

ब्लूजच्या कडव्यात बहुधा पहिली ओळ दोनदा येते, तिसरी तिला उत्तर देते. नाचाच्या ठिकाणी गाणे रात्री लोकांचे पाय थकेपर्यंत लांबवता येई. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आज आपण ज्याला ब्लूजचा आकार म्हणतो, तो बराचसा लाखेच्या या तबकडीने दिलेला आहे.

धार्मिक तबकड्यांना अभ्यासकांनी फार काळ दुय्यम मानले, हा अन्याय आहे. अटलांटाचे रेव्हरंड जे. एम. गेट्स यांची प्रवचने भरपूर खपत. त्यांच्या तबकड्यांच्या दोनशेहून जास्त बाजू मुद्रित झाल्या. ॲरिझोना ड्रेन्स या दृष्टिहीन गायिकेने १९२६ साली शिकागोत पियानोवर जो ठेका धरला, त्यावर नाचणाऱ्यांचेही पाय हलले असते. ‘पापाचे’ आणि ‘देवाचे’ असे गाण्याचे दोन भाग समाजात मानले जात, पण गळे अनेकदा एकच असत. म्हणून भजने गाताना जेफर्सन ‘डीकन एल. जे. बेट्स’ होत आणि ब्लूज गायक चार्ली पॅटन ‘एल्डर जे. जे. हॅडली’. मा रेनी यांचे पियानोवादक थॉमस डॉर्सी यांनी पत्नी आणि नवजात बाळाच्या मृत्यूनंतर १९३२ साली ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिले; गॉस्पेलचे, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिसंगीताचे, जनक म्हणून तेच ओळखले जातात.

ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२७ ते १९३० या काळात कोलंबियासाठी तीस बाजू गायल्या, सगळ्या धार्मिक. ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये शब्दच नाहीत. नुसते गुणगुणणे, कण्हणे, आणि तारेवरून घसरत त्या आवाजाला बिलगणारी गिटार. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर हे गाणे आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे, ‘जात कहाँ हो’.

गायकांना बहुधा बाजूमागे ठरावीक रक्कम मिळे. विक्रीतला वाटा क्वचितच. बेसी स्मिथ १९३७मध्ये मोटार अपघातात गेल्या, आणि त्यांच्या थडग्यावर १९७०पर्यंत नावाचा दगडही नव्हता. १९२९नंतरच्या महामंदीने धंदा बसला. पॅरामाउंटने १९३२ साली ध्वनिमुद्रण थांबवले. ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४९मध्ये खपाच्या यादीचे ‘रेस’ हे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले.

पॅरामाउंटच्या तबकड्या छापण्याच्या बहुतेक मूळ धातुप्रती नष्ट झाल्या, त्यामुळे काही गाणी संग्राहकांना सापडलेल्या एखाद-दुसऱ्या झिजलेल्या तबकडीवरच टिकून आहेत. ब्लूज गायक सन हाऊस यांचे १९३० साली मुद्रित झालेले ‘क्लार्क्सडेल मोन’ असे पंचाहत्तर वर्षांनी हाती आले. १९३०च्याच सुमारास विली ब्राउन यांनी गायलेल्या ‘किकिंग इन माय स्लीप ब्लूज’ची प्रत अजून कुणालाही मिळालेली नाही.