टाकणखाराची लाही आणि सोनाराची डाक

तोंड आलेल्या लेकराला मधातून टाकणखाराची लाही चाटवायची, हा जुन्या घरांतला उपाय. (आता डॉक्टर तो करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.) हीच लाही सोनाराच्या शेगडीवर मात्र खोडी काढते. टाकणखाराच्या म्हणजेच सवागीच्या (बोरॅक्सच्या) स्फटिकात वजनाने सुमारे ४७ टक्के पाणी असते. आच लागली की ते वाफ होऊन निघते, खार फुगतो आणि त्यावर मांडलेले डाकेचे, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचे, तुकडे सांध्यावरून घसरतात. म्हणून पाटीवर चार थेंब पाण्यात टाकणखाराचा खडा उगाळून दुधासारखी पातळ पेज करायची, ब्रशने सांध्याला लावायची, आधी दुरूनच ऊब देऊन फुगवटा बसू द्यायचा आणि निसटलेले तुकडे चिमट्याने जागेवर आणूनच आच वाढवायची.

टाकणखार काही चिकटवत नाही. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत उरलेले बहुधा तांबे असते. ते तापले की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून काळे पडते आणि अशा थरावर डाक पसरत नाही, गोळी होऊन बसते. पाणी गेलेला टाकणखार ७४३ अंश सेल्सिअसला वितळून काचेसारखा होतो. ही काच तांब्याचा ऑक्साइड स्वतःत विरघळवते आणि वर झाकण धरते. पण तिचीही भूक मर्यादित. आच फार वेळ चालली की ती ऑक्साइडने भरून काळपट, घट्ट होते आणि डाक अडते. तिथे नुसती आच वाढवणे म्हणजे दागिना वितळवायची तयारी. थंड करा, तेजाबाच्या सौम्य पाण्यात काच उतरवा (लोखंडी चिमटा आत बुडवू नका, चांदीवर तांबे चढते), धुवा, नव्याने लावा.

टाकणखार युरोपात पोचण्याआधी तिथले कारागीर काय करत होते, याचे उत्तर रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात देतो. सोने जोडायला सायप्रसचा तांब्याचा जंगाल, नॅट्रॉन (खाणीतला सोडाखार) आणि लहान मुलाचे मूत्र तांब्याच्या खलात घोटायचे. किळसवाणे वाटते खरे, पण जंगाल म्हणजे तांब्याचा क्षार. असा क्षार डिंकासारख्या चिकट पदार्थात मिसळून तापवला की चिकटा जळून कोळसा होतो आणि कोळसा ऑक्साइडमधून तांबे मोकळे करतो. सोन्याला टेकलेले ते तांबे ९०० अंशांच्या आतच त्याच्याशी एकजीव होते. वेगळी डाक लागतच नाही. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या दागिन्यांवरचे मोहरीहूनही बारीक रवे डाकेत न बुडता कसे बसले, याचा उलगडा इंग्लंडमध्ये लिटलडेल यांनी १९३०च्या दशकात याच रीतीने केला.

आपल्याकडे टाकणखार हिमालयापलीकडून यायचा, तिबेटच्या सरोवरांच्या काठावरून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून. वाटेत पाणी उडून स्फटिकांचा भुगा होऊ नये म्हणून त्यांना चरबी चोपडत. संस्कृतातला टंकण फारसीतून फिरत इंग्रजीत ‘टिंकल’ झाला. हा कच्चा माल शुद्ध करण्याचा धंदा युरोपात बराच काळ व्हेनिसच्या आणि पुढे डचांच्या हाती होता. १७७७ मध्ये टस्कनीच्या उष्ण झऱ्यांत बोरिक आम्ल सापडले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेवाडात खाणी चालू झाल्या, आणि हिमालयातल्या वाटेचा दबदबा संपला.

टाकणखाराची खरी अडचण अशी की तो उशिरा जागा होतो. चांदी-तांब्याचे सर्वांत लवकर वितळणारे मिश्रण, ७२ ला २८, ७८० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तिथे तो पुरतो. विसाव्या शतकात कॅडमियम घातलेल्या चांदीच्या डाका आल्या, त्या ६२० अंशांच्या आसपासच वाहू लागतात. तेव्हा खार अजून वितळलेलाही नसतो. म्हणून त्यात बोरिक आम्ल आणि पोटॅशियमचे फ्लोराइड मिसळलेले लेप निघाले, ते ५५०-६०० अंशांनाच पातळ होतात. त्यांचा धूर नाका-घशाला जाळतो, त्यामुळे कोंदट खोलीत ते वापरू नयेत.

सोन्याच्या बाजारात हीच गोष्ट ‘केडीएम’ या नावाने आली. कॅडमियमच्या डाकेने सांधा झटकन भरायचा आणि सोन्याचा कसही फारसा उतरायचा नाही, कारण अशा डाकेत ९२ टक्के सोने बसवता येते. तांबे-चांदीच्या जुन्या डाकेत सोने बरेच कमी ठेवावे लागे. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे टाकणखार वितळल्यानंतर जेमतेम २४ अंशांनी. सवागीच्या सवयीने आच देणारा कारागीर नकळत कॅडमियमची वाफ हुंगत होता. ती फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते, म्हणून कॅडमियमऐवजी जस्त घातलेल्या डाका पुढे आल्या.